चेंडू येऊन गेला

बेसबॉलमध्ये बॅट आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागापुरती असते. माझा कॅमेरा सेकंदाला दहा फोटो काढतो. ऐकायला हे फार वाटतं. पण ताशी दीडशे किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू दोन फोटोंच्या मधल्या वेळात चार मीटर पुढे गेलेला असतो. त्यामुळे बटण दाबून धरलं की एका फोटोत चेंडू यायचा असतो आणि पुढच्या फोटोत तो येऊन गेलेला असतो. फलंदाजाच्या चेहऱ्यावर आधी चिंता, मग पश्चात्ताप. मधे जे काही घडलं ते कॅमेऱ्याला मान्यच नाही. ती गाठ नेमकी फोटोत सापडण्याची शक्यता शंभरात एक. हे गणित कॅमेरा विकणारा सांगत नाही. तो म्हणतो, "स्पोर्ट्ससाठी एकदम बेस्ट आहे, सर."

तरीही मी बेसबॉलचे फोटो काढायला गेलो, याला क्रिकेट जबाबदार आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या ज्या पट्ट्यात मी राहतो त्याला 'रिसर्च ट्रँगल' म्हणतात. इथे औषधं आणि सॉफ्टवेअर बनतं, आणि ते बनवणाऱ्यांच्या कृपेने मॉरिसव्हिल गावात चर्च स्ट्रीट पार्क नावाचं रीतसर क्रिकेटचं मैदान आहे. २०२३ साली मेजर लीग क्रिकेटच्या पहिल्याच मोसमातले काही सामने तिथे झाले. शनिवार-रविवारी आमच्या ऑफिसवाल्यांच्या टीम खेळतात आणि मी सीमारेषेवर लेन्स लावून बसतो. क्रिकेटला फोटोग्राफरची दया आहे. वेगवान गोलंदाज वीस पावलांवरून 'मी येतोय' असं सांगत येतो. अपील झालं की सगळे जण हात वर करून इतका वेळ उभे राहतात, की तेवढ्यात लेन्स बदलून, चष्मा पुसून पुन्हा जागेवर यावं. शतक झालं तर हेल्मेट काढून, बॅट उंचावून, चारी दिशांच्या स्टँडना वेगवेगळं दर्शन. आमच्या लीगमध्ये स्टँड नाहीत, पण दर्शन होतं. पंचवीस धावांनंतरही होतं.

बॅट आहे, चेंडू आहे, माणसं धावतायत. एवढ्या भांडवलावर मी शेजारच्या डरहॅमला 'डरहॅम बुल्स'च्या सामन्याचं तिकीट काढलं.

हा संघ मायनर लीगचा. मेजर लीगचे संघ तीस, आणि २०२१ साली झालेल्या फेररचनेनंतर प्रत्येकाच्या खाली चार पायऱ्यांवर एकेक असे मायनर लीगचे एकशेवीस. सगळ्यांत वरची पायरी 'ट्रिपल-ए'. बुल्स तिथे आहेत. त्यांचं थोरलं घर म्हणजे फ्लोरिडातला टॅम्पा बे रेज हा संघ. तिकडून फोन आला की इथला मुलगा बॅग भरून विमानात. तिकडे कुणाची बॅट चालेनाशी झाली की तो विमानाने इकडे. २०२३ साली मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला, तेव्हा ट्रिपल-ए खेळाडूचा किमान वार्षिक पगार दुपटीने वाढून ३५,८०० डॉलर झाला. त्याच वर्षी मेजर लीगचा किमान पगार होता ७,२०,००० डॉलर. मधे अंतर फक्त एका फोनचं. त्यामुळे मैदानावरचा प्रत्येक जण खेळता खेळता कान टवकारून असतो. अधूनमधून दुखापतीतून उठलेला एखादा मेजर लीगचा तारा सरावासाठी खाली येतो आणि रिवाजाप्रमाणे अख्ख्या संघाला झकास जेवण घालून वर जातो. बाकीचे ते जेवण जेवतात आणि पुन्हा फोनकडे बघू लागतात.

मैदान १९९५ सालचं. शेजारचे तंबाखूचे जुने विटांचे कारखाने आता ऑफिसं आणि रेस्टॉरंटं झाले आहेत. 'लकी स्ट्राइक' रंगवलेली पाण्याची टाकी तेवढी जपून ठेवलीय. १९०२ साली संघ निघाला तेव्हा त्याचं नावच 'टोबॅकोनिस्ट्स' होतं. पण जगाला तो ठाऊक झाला १९८८ च्या 'बुल डरहॅम' या सिनेमामुळे. त्याचा दिग्दर्शक रॉन शेल्टन स्वतः मायनर लीगमध्ये खेळलेला. चित्रीकरणासाठी जुन्या मैदानावर एक भलामोठा बैल उभारला होता. सिनेमावाले गेले आणि बैल राहिला. नव्या मैदानावरही डावीकडच्या उंच निळ्या भिंतीच्या वर त्याचा वंशज उभा आहे. बुल्सपैकी कुणी होम रन मारला की त्याचे डोळे लाल होतात, शेपूट हलते आणि नाकपुड्यांतून धूर निघतो. त्याच्यावर लिहिलंय: चेंडू बैलाला लागला तर स्टेक बक्षीस. त्याच्या पायाखालच्या गवतावर लिहिलंय: गवताला लागला तर सॅलड. आपल्याकडे पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, त्याला पुरणपोळी भरवतात आणि त्या दिवशी कामाला जुंपत नाहीत. इथे बैलाला नेम धरून मारायचं आणि मारल्याबद्दल बैलच ताटात. सॅलडची सोय बहुधा आमच्यासारख्यांचा विचार करून केली असावी.

फोटोग्राफरला मात्र असा विषय शोधून सापडायचा नाही. मोठा आहे, दिव्यात आहे, जागचा हलत नाही, आणि शेपूट हलवायची तर आधी होम रनची वर्दी देऊन हलवतो. होम रन झाला की चेंडू, फलंदाज, चेहरा पडलेला पिचर आणि बैल असे चार विषय चार दिशांना एकदम हजर होतात. शहाणा माणूस पिचरकडे वळतो. मी बैलाकडे वळतो. माझ्याकडे बैलाचे फार सुंदर फोटो आहेत.

खेळ मात्र जाळीपलीकडे चालतो. होम प्लेटच्या मागच्या आणि बाजूच्या खुर्च्यांसमोर, चेंडू अंगावर येऊ नये म्हणून जाळी असते, आणि ऑटोफोकसला त्या जाळीची भारी ओढ. तो तिचा एकेक धागा लख्ख टिपतो आणि धाग्यांपलीकडे नऊ फिकट ठिपके ठेवून देतो. उपाय आहे: लेन्स जाळीला जवळजवळ चिकटवायची, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचं, मग जाळी विरघळून जाते. पण त्यासाठी पहिली रांग लागते, आणि पहिली रांग हंगामभराची तिकिटं राखून असलेल्या मंडळींची. मागे बसणाऱ्याने ऑटोफोकस बंद करावा, पहिल्या बेसवर फोकस आधीच लावून ठेवावा आणि माणसं तिथे यायची वाट बघावी. येतातच. बेसबॉलमध्ये उलटी प्रदक्षिणा घालतात, आणि पहिला बेस वगळून पुढे जायची कुणालाच मुभा नाही.

पहिल्या बेसच्याच बाजूला बसावं, हा सल्ला कुणीही देतो, कारण उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचा चेहरा तिकडून दिसतो. सल्ला बरोबर आहे. फक्त डावखुरा आला की तो आपल्याकडे पाठ करून उभा राहतो, आणि इथे डावखुरे फार. डाव्या बाजूने उभं राहिलं तर पहिला बेस दोन पावलं जवळ पडतो, म्हणून उजव्या हाताने जेवणारी मुलंसुद्धा लहानपणापासून डावरी बॅट धरायला शिकतात. मग आडनाव आणि नंबर यांचे फोटो निघतात. रेकॉर्डला चांगले, आईवडिलांना दाखवायला निरुपयोगी. अंपायरही याच कटात सामील. क्रिकेटचा अंपायर आपली जागा सोडायला फारसा राजी नसतो, हे त्याचे उपकार आता कळतात. इथला अंपायर निर्णयाच्या जागेकडे धावत जातो, आणि खेळाडू धूळ उडवत दुसऱ्या बेसवर घसरत येतो तेव्हा बरोबर माझ्या आणि त्याच्या मधे वाकून उभा राहतो. निर्णय अचूक द्यायचा म्हणून. राखाडी पँटीची मागची बाजू हा माझ्या संग्रहातला बैलाखालोखाल मोठा विभाग आहे.

शेजारच्या खुर्चीत एक आजीबाई होत्या. डोक्यावर बुल्सची विटलेली टोपी, मांडीवर स्कोअरची वही, कानावर पेन्सिल. बेसबॉलमध्ये प्रत्येक क्षेत्ररक्षकाच्या जागेला नंबर असतो. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर दिला आणि तिथून तो पहिल्यावर गेला, की आजीबाई '६-४-३' एवढंच लिहीत आणि समाधानाने खाली रेघ ओढत. एका फटक्यात दोन माणसं बाद झाल्याचा सगळा थरार तीन आकड्यांत. तेवढ्या वेळात माझ्या कॅमेऱ्याची खटखट चालू असायची. शेवटी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"हनी, तू चेंडूच्या मागे लागलायस. चेंडू काय, सगळ्यांनाच दिसतो. तू त्या पहिल्या बेसवरच्या पोराचा पाय बघ."

मी पाय बघितला. चेंडू पोचायच्या आधीच तो पोरगा एक पाय बेसला टेकवतो आणि उरलेलं शरीर चेंडूच्या दिशेने असं काही ताणतो, की मधले सांधे कुठे ठेवले असा प्रश्न पडावा. ही अवस्था चांगली अर्धा सेकंद टिकते. हजाराव्या भागाच्या हिशेबात अर्धा सेकंद म्हणजे गडगंज इस्टेट. मी "थँक यू, मॅम" म्हणालो. अमेरिकेच्या दक्षिणेत मॅम लावल्याशिवाय वाक्य पुरं झालं असं कुणी धरत नाही.

घड्याळाचीही मदत होते. पूर्वी पिचरला लहर येईल तेव्हा चेंडू सुटायचा. २०२२ साली मायनर लीगमध्ये सगळीकडे पिच क्लॉक आलं, सामने सरासरी पंचवीसेक मिनिटं आधी आटपू लागले, आणि पुढच्या वर्षी मेजर लीगनेही ते उचललं. वरच्यांना वाढण्याआधी प्रत्येक पदार्थ या खालच्या पंक्तीत चाखून बघतात. स्ट्राइकचा निवाडा यंत्राकडून तपासून घेण्याची पद्धतही इथेच मुरली: फलंदाज, कॅचर किंवा पिचरने आपल्या डोक्यावर टपली मारली की मोठ्या पडद्यावर चेंडूचं चित्र उमटतं आणि भर मैदानात अंपायरच्या अब्रूचा फैसला होतो. घड्याळ उलटं मोजत येतं, त्यामुळे कॅमेरा कधी उचलायचा हे निदान कळतं. न कळणारा माणूस म्हणजे तिसऱ्या बेसजवळचा कोच. तो टोपीला, कानाला, पट्ट्याला, दंडाला आणि नाकाला हात लावून फलंदाजाला गुप्त निरोप धाडत असतो. त्यातला एकच क्षण कॅमेऱ्याने थांबवला, तर एक पोक्त गृहस्थ हजारो लोकांसमोर नाकाशी चाळा करत उभे आहेत एवढंच दिसतं.

दिवे लागले की अडचणी वाढतात. सेकंदाचा दोन हजारावा भाग मागितला तर कॅमेरा आयएसओ ६४०० वर जाऊन बसतो आणि सगळ्यांचे चेहरे रवाळ होतात. अशा परिस्थितीतही एक क्रिया मात्र माझ्या कॅमेऱ्याने दर वेळी, न चुकता, लख्ख पकडली: थुंकणं.

बेसबॉलवाले पूर्वी तंबाखू चघळत. मायनर लीगमध्ये १९९३ साली तिच्यावर बंदी आली, अगदी तंबाखूवर उभ्या राहिलेल्या या गावातसुद्धा, आणि आता गालात सूर्यफुलाच्या बिया असतात. डगआउटच्या कठड्यावर कोपरं टेकून खेळाडू ओळीने उभे असतात. डावा गाल फुगलेला. आत जीभ आणि दात यांच्यात काहीतरी वाटाघाटी चालतात, जबडा एकदा तिरका सरकतो, गर गिळला जातो. मग मान किंचित मागे जाते, ओठांचा चंबू होतो, आणि टरफलं हवेत. एक उभं, दोन गिरक्या घेत, त्यांना जोडणारा लाळेचा एक बारीक धागा, मागे डगआउटचा काळोख, बाजूने दिव्याचा प्रकाश. नामवंत स्टुडिओत मिळणार नाही असं लायटिंग. 'येथे थुंकू नये' ही पाटी वाचत लहानाच्या मोठ्या झालेल्या माणसाने सातासमुद्रापार येऊन हीच कला कॅमेराबद्ध करावी, हा नशिबाचा भाग. पण निकाल डोळ्यांसमोर आहे. चेंडू ताशी दीडशेने जातो. टरफलाला घाई नसते.

माझ्यासारख्या हौशी लोकांचा कुलपुरुष म्हणजे चार्ल्स कॉनलन. न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होता. इतर वेळी दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि सवड मिळाली की काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा घेऊन मैदान गाठायचं. १९१० च्या सुमारास टाय कॉब नावाचा खेळाडू तिसऱ्या बेसवर घसरत आला: दात आवळलेले, मातीचा फवारा उडालेला, बेस राखणाऱ्या जिमी ऑस्टिनचा तोल गेलेला. कॉनलन बेसपासून जवळच उभा होता. ऑस्टिन त्याच्या ओळखीचा. त्याला लागलं की काय या काळजीत, आपण फोटो घेतला की नाही हेच कॉनलनला आठवेना. असू दे म्हणून त्याने प्लेट बदलली. नंतर धुतली तेव्हा आत कॉब होता. बेसबॉलच्या इतिहासातला सगळ्यांत गाजलेला फोटो म्हणून लोक आजही त्याचं नाव घेतात. मीही घरी जाऊन मेमरी कार्ड उघडतो तेव्हा आत काय आहे ते मला ठाऊक नसतं. इथवर आमचं तंतोतंत जुळतं. मग त्याच्या प्लेटमधून कॉब निघाला आणि माझ्या कार्डातून बैल निघतो.

डावांच्या मधल्या वेळात मैदानावर जे चालतं ते कुणालाही टिपता येईल. दोन प्रेक्षक बॅटवर कपाळ टेकून गरगर फिरतात आणि मग शर्यत लावतात. एक जण सरळ बाजूच्या गवतात जाऊन आडवा होतो आणि त्याची बायको उभी राहून टाळ्या वाजवते. बंदुकीतून टी-शर्ट उडतात. छोट्या प्लास्टिकच्या हेल्मेटमधून आइस्क्रीम मिळतं, आणि ते हेल्मेट धुऊन घरी नेणाऱ्यांत फक्त भारतीयच नव्हते, हे मी पुराव्यासह सांगू शकतो. सातव्या डावाच्या मध्यावर सगळे उठून १९०८ सालचं तेच ते गाणं म्हणतात. मी त्या वेळी शेंगदाण्यांची टरफलं लेन्सच्या पिशवीतून काढत होतो.

फाउल बॉल ही मात्र गंभीर बाब. कॅमेरा डोळ्याला लावलेल्या माणसाला सगळं जवळ दिसतं, फक्त जाळीवरून त्याच्याच टाळक्याकडे येणारा चेंडू दिसत नाही. आजूबाजूला चांगले कर्ते पुरुष हातात बेसबॉलचे ग्लव्ह घालून बसलेले असतात ते उगीच नाही. शिवाय आलेला चेंडू परत द्यावा लागत नाही. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने असाच एक पकडला आणि मला फोटोसाठी धरून दाखवला. पांढरा म्हणायचा, पण मळकट. मळवलेलाच असतो: न्यू जर्सीत, डेलावेअर नदीच्या एका उपनदीकाठी, गुप्त ठेवलेल्या जागेतला चिखल आणून कोरा चेंडू त्याने चोळतात, म्हणजे पिचरची पकड घट्ट बसते. आमचे गोलंदाज चकाकी यावी म्हणून पँट लाल होईतो चेंडू घासतात. इथे चकाकी घालवायला खास माणसं. चेंडूवर लाल दोऱ्याचे दुहेरी टाके, मोजून १०८. 'बुल डरहॅम'ची नायिका सुरुवातीलाच या १०८ चा संबंध ख्रिस्ती जपमाळेशी जोडते. त्या माळेत मणी असतात एकोणसाठ. एकशेआठ आपल्या माळेत असतात, पण एवढ्यासाठी हॉलिवूडला पत्र लिहावं का, यावर घरात दुमत आहे.

नववा डाव सुरू व्हायच्या आधी आजीबाईंनी हात पुढे केला. "दाखव बघू काय काय काढलंस."

मी कॅमेरा दिला. बैल त्यांनी भराभर पुढे ढकलले. अंपायरच्या पँटीपाशी "हं" म्हणाल्या. पहिल्या बेसवरचा ताणलेला पोरगा आला तेव्हा माझ्याकडे पाहून मान डोलावली, म्हणजे शिकवणीची फी वसूल. मग टरफलांचा विभाग लागला. त्यांनी पर्समधून दुसरा चष्मा काढला, फोटो मोठा करून कडेपर्यंत सरकवला, टरफल कुठवर गेलंय ते पाहिलं आणि जाहीर केलं, "हा वर जाणार. महिन्याभरात."

"बॅटिंग बघून म्हणताय का, मॅम?"

"बॅटिंग सगळ्यांचीच बरी असते इथे. फोनच्या धास्तीतली पोरं गालातल्या गालात चावत राहतात, बाहेर काही टाकायचं धैर्यच होत नाही. याच्याकडे बघ. किती मोकळं, किती लांब."

मी घाईने पुढचा फोटो लावला. तोच कठडा, तसाच फुगलेला गाल, पण टरफलं सुटून थेट स्वतःच्याच बुटावर. आजीबाईंनी चष्मा काढून त्याची घडी घातली, वही उघडली आणि कानावरची पेन्सिल हातात घेतली.

"याला म्हणावं, डरहॅममध्ये घर बघ. भाड्याचं नको, विकतच घे."